फणसाची भुई

१८ नोव्हेंबर

आज दुकान उघडलं. हातखंब्याच्या तिठ्यापासून जरा आत, नारळवाला आणि टायरवाला यांच्या मधला गाळा. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'भुई' आणि खाली 'लाकडी जमिनींचे एकमेव ठिकाण'. एकमेव हे अगदी खरं आहे. मी पुष्कळ शोधलं, या भागात लाकडी जमिनीचा धंदा करणारं दुसरं कुणी मला सापडलं नाही. आई म्हणाली, "कोण करत नाय, म्हणजे काय तरी कारण असेल ना गो." आईला शुभ दिवशी शुभ बोलण्याची सवय नाही.

गाळा बाबांनी मरताना आम्हा दोघा भावंडांच्या नावावर ठेवला. स्वरूपदादा तिकडे विरारला बसून तो चायनीजवाल्याला भाड्याने द्यायला निघाला होता. मी ठाण्यात सहा वर्षं एका फ्लोअरिंगच्या शोरूममध्ये लोकांना ओक आणि अक्रोड विकले, आणि एके दिवशी वाटलं की हेच आपण आपल्या माणसांत का करू नये? फोनवर कडाक्याचं भांडण झालं. शेवटी ठरलं ते असं: दादा शिमग्याला गावी येईल, तोवर मी एका घराची तरी जमीन लाकडी करून दाखवायची. दाखवली तर गाळा माझा. नाहीतर गाळ्यात मंचुरियन, आणि मी परत ठाण्यात 'येस मॅम, नो मॅम' करायला.

पहिल्या दिवशी गिऱ्हाइकं बरी आली. एकाला कोंबड्यांच्या खुराड्यासाठी फळी हवी होती. एकाला आंब्याच्या पेट्या. एकाने मोटरसायकलच्या चाकात हवा भरून मागितली.

पण संध्याकाळी वीज खात्याचा वायरमन मीटर बसवायला आला आणि चप्पल बाहेर काढून आत आला. दुकानात कोण चप्पल काढतं? मी माणूस पायावरून ओळखते, धंद्यामुळे ती खोडच लागली आहे. याच्या टाचांना भेगा होत्या, पण चाल हलकी. मीटर लावून झाल्यावर तो ओकच्या फळीकडे बराच वेळ बघत राहिला. मी फळीच्या पुढेच उभी होते, म्हणून बाजूला सरकले, तर तो जरा गोंधळला आणि म्हणाला, "आमच्या घरात पण हे बसवायचं आहे." पहिल्याच दिवशी! याला म्हणतात मांडणीची ताकद. नाव सोहम. खालच्या वाडीत स्लॅबचं घर आहे, जमिनीला नुसता कोबा.

२१ नोव्हेंबर

सोहम आला. मी त्याला माझा नियम सांगितला: लाकूड कधी दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पसंत करायचं नाही. सँपल घरी न्यायचं, सकाळच्या उजेडात बघायचं, दुपारच्या बघायचं, संध्याकाळच्या बघायचं, आणि मग ठरवायचं. घाई केली की जन्मभर पायाखाली पस्तावा. त्याने हे इतक्या गंभीरपणे ऐकलं की मला जरा बरं वाटलं. ओकची फळी छातीशी धरून घेऊन गेला.

३० नोव्हेंबर

ओक नेला, आणला. अक्रोड नेला, आणला. बांबू नेला, आणला. आज परत ओक नेला. असं गिऱ्हाईक मी ठाण्यातही पाहिलं नाही. प्रत्येक वेळी विचारतो, "तुम्हाला यातला कुठला आवडेल?" मी म्हटलं, "अहो, प्रश्न माझ्या आवडीचा नाही, त्यावर चालायचं कुणाला आहे?" तर म्हणाला, "ते अजून पुरतं ठरलेलं नाही." घर स्वतःचं आणि चालायचं कुणी ते ठरलेलं नाही! काही माणसांना स्वतःचं मतच नसतं.

मात्र माणूस जबाबदार आहे. टाचांच्या भेगा बुजल्यात. लाकडावर ओरखडे नकोत म्हणून आत्तापासून मलम लावतो वाटतं.

११ डिसेंबर

ओक ठरला. म्हणजे मीच ठरवला, त्याने मान डोलावली. आणि आता कळतंय की ठरवणं सोपं आणि मिळवणं कठीण. मुंबईचा व्यापारी एका खोलीपुरता माल पाठवत नाही. म्हणतो, आजूबाजूची घरं पण पकडा. मी काय घरं पकडू? कोल्हापूरच्या माणसाने मध रंगाचा ओक सांगून काळाकुट्ट धाडला. फोन केला तर म्हणतो, "ताई, मध जुना झाला की काळा पडतोच की." तो माल मी त्याच ट्रकने परत घाट चढवला.

लाकडाखाली अंथरायचा फोम इथे कुणाला माहीत नाही. रत्नागिरीत तीन हार्डवेअरवाल्यांकडे गेले. एकाने गादीचा दाखवला, एकाने मासे भरायच्या थर्माकोलची पेटी दाखवली, तिसऱ्याने मलाच बसायला खुर्ची दिली. मुंबईहून लक्झरीच्या टपावर मागवला, तर ड्रायव्हर हातखंब्याला उतरवायला विसरला. पार्सल म्हापशाला गेलं. आता ते गोवा बघून येतंय, मी अजून पाहिलेला नाही.

आपल्याकडे एवढं रान, आणि घरात टाकायला फळी परदेशातली शोधायची. हा विचार आज प्रथमच डोक्यात आला. ठाण्यात कधी आला नव्हता.

१९ डिसेंबर

दुपारी दुकानातली लाइट गेली. तक्रार करायला फोन उचलते तोवर सोहम शिडी घेऊन दारात. वीज खात्याची सेवा इतकी सुधारली आहे, लोक उगाच नावं ठेवतात. फ्यूज पाहून झाल्यावर त्याने डब्यातून घावणे काढले. म्हणाला, आत्याने दिलेत, जास्त झाले होते. काम झालं तरी शिडी आवरायला त्याला चांगलाच वेळ लागला.

६ जानेवारी

आज सोहमच्या आत्या आल्या. धोंडूबाई. सोहमला त्यांनीच लहानाचा मोठा केला. बुटक्या, काटक, हातात छत्री (पाऊस नसताना). दुकानात शिरून त्यांनी सँपल सोडून बाकी सगळं पाहिलं. पंखा पाहिला, माझी पोळीभाजी पाहिली, मला वळून उभं राहायला सांगितलं.

"किती शिकलीस गो?"

मी डिप्लोमाचं सांगितलं.

"भाकरी हातावर थापतंस का परातीत?"

मला वाटलं, गरम तव्याचा लाकडावर परिणाम होतो का ते विचारायचं असेल. मी म्हटलं, "भाकरी कशीही थापा, गरम भांडं फक्त थेट जमिनीवर ठेवायचं नाही."

"तांदळाची जमतां ना पन?"

"जमते."

"आनि राग लवकर येतो का तुला?"

मी म्हटलं, माल वेळेवर आला नाही तर येतो. त्या खूष दिसल्या. जाताना म्हणाल्या, "भुई पालखीच्या आदी व्हायला पायजे हां. देव घरात येतंय." मी शब्द दिला. शिमग्याला पालखी, शिमग्याला दादा. दोघेही एकाच सुमारास माझी परीक्षा घ्यायला येणार.

गिऱ्हाइकाच्या घरातल्या माणसांनी इतका रस घ्यावा हे चांगलं लक्षण आहे. ठाण्यात लोक आर्किटेक्टला पाठवत आणि स्वतः गाडीत बसून राहत.

२० जानेवारी

ओकचा नाद सोडला. एसटीने राजापूरला गेले, तिथे कुणीतरी एक लाकडाची गिरणी सांगितली होती. आईन आहे, किंजळ आहे, पण सगळं ओलं. ओलं लाकूड टाकलं की पहिल्या उन्हात पिळवटतं आणि जमिनीला लाटा येतात. गिरणीवाला म्हणाला, "फणस बघा. मुरलेला फणस मिळाला तर सोन्याहून पिवळा. पण मुरलेला कोण ठेवतो? सगळे लगेच जाळतात नाहीतर विकतात." दिवसभर वखारी पालथ्या घातल्या. कुणाकडे ओला, कुणाकडे वाळवी लागलेला, एकाकडे चांगला होता तर त्याने त्याचा मृदंग करायला दिलेला.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मला रडू आलं. उगाच नाही, खरंच आलं. दिवसभर वणवण करून एक फळी मिळू नये? दादाचा सकाळीच मेसेज आला होता की चायनीजवाला गाळ्याचं माप घ्यायला येऊ का विचारतो.

सोहमला फोन करून सांगितलं, मुरलेला फणस कुठे मिळत नाही, अजून शोधते. त्याने आधी मी जेवले का ते विचारलं. मग म्हणाला, "शोधा. घाई नाही." घाई नाही म्हणे!

२ फेब्रुवारी

राग. राग. राग.

आज माप घ्यायला सोहमच्या घरी गेले. घर नेटकं आहे, खिडक्या पूर्वेला. आत्यांनी चहा दिला आणि मी बोलता बोलता फणसाची रडकथा सांगितली. त्यांनी कप खाली ठेवला.

"फनस? मंग माळ्यावर काय हाय ता?"

"काय आहे?"

"वादळात आमचा परड्यातला फनस पडला ना, त्येच्या फळ्या. कितीक वरसा झाली, माळ्यावर पडल्यात. पोरानं बोलला न्हाय तुला?"

मी शिडी लावून वर चढले. ओळीने रचलेल्या, मध्ये काड्या घालून, हवा खेळती ठेवून, पिवळ्याधमक. नखाने टोकरून पाहिलं, खणखणीत. असला माल मला ठाण्यातही बघायला मिळाला नव्हता. मी राजापूरच्या एसटीत रडत होते तेव्हा हे सगळं या माणसाच्या डोक्यावर होतं, अक्षरशः.

मी खाली येऊन विचारलं, "तुम्ही सांगितलं का नाही?"

तो दाराची कडी चाचपत म्हणाला, "सांगितलं असतं तर तुम्ही शोधलं नसतं."

"म्हणजे?"

"म्हणजे मग दुकानात यायला काय कारण राहिलं असतं."

गिऱ्हाइकाला दुकानात यायला कारण हवं असतं! दोन महिने मला पळवलं ते नुसतं सँपल बघायला मिळावं म्हणून. काही लोकांना वस्तू घेण्यापेक्षा दुकानं बघण्यातच आनंद. ठाण्यातही होती अशी मंडळी, शनिवारी सहकुटुंब यायची. पण ती निदान लाकूड दडवून ठेवत नसत.

मी चहा अर्धा टाकून निघाले. आत्या मागून त्याला म्हणत होत्या, "शाना हायस का रं तू?" अगदी बरोबर प्रश्न.

१० फेब्रुवारी

राग बाजूला ठेवला, कारण माल चांगला आहे. भिवा सुताराला कामावर लावलं. भिवाभाऊंनी आयुष्यभर दोनच गोष्टी केल्या: देवळांचे दरवाजे आणि आंब्याच्या पेट्या. जमीन हा प्रकार त्यांना पहिल्यांदाच. दरवाजासारखी केली असती तर बरं झालं असतं. पहिल्या दिवशी दुपारी मी जाऊन बघते तर प्रत्येक दोन फळ्यांमध्ये बोटभर फट.

"हे काय भिवाभाऊ?"

"हवा खेळली पायजे. नायतर आंबा कुजतो."

"आंबा कुठे आहे इथे? माणसं राहणार आहेत."

"मानूस कुजत नाय काय?"

सगळं उचकटलं. पुन्हा खाच पाडून फळीत फळी बसवायला शिकवलं. तेव्हा भिवाभाऊ म्हणाले की मग पेटी बंद झाली, आता आतला माल लवकर पिकणार. आणि सोहमकडे बघून हसले. सोहम पाणी आणायला आत गेला. या घरात सगळे कोड्यात बोलतात.

२४ फेब्रुवारी

काम अर्ध्यावर. म्हापशाचा फोम फळ्यांच्या आधी पोचला, पण त्याला अजून फेणीचा वास येतोय. पॉलिश रत्नागिरीत मिळेना. मिळतं ते फर्निचरचं, आरशासारखं, त्यावर पाय ठेवला की माणूस थेट अंगणात. शेवटी रंगाच्या दुकानात एक म्हातारा म्हणाला, "बेलतेल ने की." म्हणजे जवसाचं उकळलेलं तेल, दारं-खिडक्यांना लावतात ते. इतकी वर्षं ठाण्यात मी हेच तेल इटालियन डब्यातून विकत होते. लावलं, आणि फणस असा काही उजळला की मी उकिडवी बसून नुसती बघत राहिले.

सोहम शेजारी येऊन बसला. आज भांडायचं नव्हतं मला. तो म्हणाला, हा फणस त्याच्या वडिलांनी लावला होता. झाड पडलं तेव्हा सगळ्यांनी सांगितलं की विक, पण त्याला ते जिवावर आलं. काय करायचं ते सुचत नव्हतं म्हणून फळ्या माळ्यावर ठेवल्या. "मीटर बसवायला आलो तेव्हा सुचलं," म्हणाला.

मला त्याचं वाईट वाटलं, आणि चांगलंही वाटलं. दोन्ही एकदम. मी त्याला तेलाचं फडकं दिलं. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी मिळून कोपरा पुसून काढला. फार बोललो नाही. दिवस चांगला गेला असं का वाटतंय कोण जाणे, पाठ तर मोडली आहे.

६ मार्च

झाली. माझी पहिली जमीन. दादाला फोटो पाठवला. त्याने लिहिलं, 'फोटोत काय, काहीही दिसतं. पालखीच्या दिवशी येऊन बघतो.' येऊ दे. बघू दे. चालू दे तिच्यावर.

आत्यांना समोर बसवून निगा कशी राखायची ते समजावलं. ओलं पोतेरं नाही, पाणी ओतायचं नाही, फिनेल नाही. त्यांनी पाठ म्हणून दाखवलं: "पानी वतायचा न्हाय. पोतेरा न्हाय. फिनेल न्हाय." शाळेतल्या मुलीसारख्या मन लावून ऐकत होत्या. माझी खात्री झाली.

सोहमने विचारलं, आता काम संपलं का. म्हटलं, संपलं. त्याचं तोंड उतरलं. एवढी सुंदर जमीन मिळाल्यावर कुणाचं तोंड उतरतं का? मला राहून राहून वाटतंय की त्याला अजूनही ओकच हवा होता.

मलाही आज दुकानात करमलं नाही. काम संपलं की असं होतं.

१७ मार्च

सगळं लिहून काढते, नाहीतर उद्या मला स्वतःलाच खरं वाटणार नाही.

सकाळी सोहमचा फोन. "तुम्ही जरा येता का? पण धावत येऊ नका, काही झालेलं नाही. म्हणजे झालंय." मी धावतच गेले.

दारात उभी राहिले आणि माझे डोळे फिरले. माझी जमीन दिसेना. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत हिरवंगार, गुळगुळीत, ताजं शेण. हाताच्या कमानी उमटलेल्या, एक कमान दुसरीला धक्का लावत नाही इतक्या सुबक. वर पांढरी रांगोळी. मध्ये पाट. आणि कोपऱ्यात धोंडूआत्या कोपरापर्यंत हात भरलेल्या, समाधानाने बघतायत.

मी दारातूनच ओरडले. "आत्या, मी सांगितलं होतं ना! पाणी नाही म्हणून!"

"पानी कुटं वतला? शेनात असतो तेवडाच हाय."

"पण शेण कशाला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विचारलं, अंगात कपडे कशाला. "गो, देव येतंय. न सारवलेल्या भुईवर देव बसंल काय?"

मी मटकन उंबऱ्यावर बसले. चार महिने! कोल्हापूर, राजापूर, म्हापसा! दोष तरी कुणाला देऊ? मी त्यांना फिनेलपर्यंत सगळं सांगितलं होतं, फक्त शेण नको हे सांगितलं नव्हतं. इटालियन डब्यावर तेवढंच छापलेलं नसतं. ठाण्यात वाढलेली असते तर गोष्ट वेगळी, पण मी या मातीतली. माझ्या आईने घरात टाइल्स घातल्या तरी पाडव्याला दारापुढे शेणाचा हात फिरवल्याशिवाय तिला चैन पडत नाही. मला कळायला हवं होतं.

धुवायचं म्हटलं तर आणखी पाणी. खरवडायचं म्हटलं तर देवाचं आमंत्रण गेलेलं. आणि तेवढ्यात स्वरूपदादा रिक्षातून उतरला.

त्याने आत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "ही तुझी लाकडी जमीन?"

"खाली आहे," मी म्हटलं.

तो हसला नाही, यानेच मला जास्त लागलं. हळू आवाजात म्हणाला, "मृणाली, प्रयत्न केलास तू. आता सोड." आणि फोन घेऊन बाजूला गेला. चायनीजवाल्यालाच लावत असणार.

ढोल आधी ऐकू आले. मग पालखी वळणावर दिसली, मागे अख्खी वाडी आणि सगळे मुंबईवाले, कपाळाला गुलाल. अंगणात पालखी नाचली. खांद्यावरून खांद्यावर उडाली. आत बसवायला घेतली तेव्हा नाचणारे अजून रंगात होते. ते तसेच नाचत आत घुसले.

आणि जमीन वाजली.

मी कधी असा आवाज ऐकला नव्हता. कोब्यावर, टाइलवर पाय नुसते आपटतात. इथे अनवाणी पायांच्या प्रत्येक ठेक्याला खालून फणस घुमला, ढोलाला जोड दिल्यासारखा. ढोलवाल्याने चमकून खाली पाहिलं आणि हात आणखी मोकळा सोडला. बाहेरचे आत येऊन नाचायला लागले. दादा भिंतीशी उभा होता. त्याचा पाय ताल धरत होता, त्याला माहीत नसावं. मी त्याच्या पायाकडेच बघत होते.

मग पालखी पाटावर बसली, सगळे गप्प झाले आणि मानकरी सदूकाका हात जोडून गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. आत्या त्यांच्या कानाशी लागून बाजूला झाल्या.

"बा देवा म्हाराजा! आज तू या लेकराच्या घरात येऊन बसलंस, तुजी कृपा अशीच ऱ्हाव दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"मुंबैची पोरा सुखरूप आली, तशी सुखरूप जाव दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आंब्याला मोहोर आला हाय, त्येच्यावर कसला रोग येव देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे जरा जोरात.

"ज्या पोरीनं ही फनसाची भुई केली, तिचा हातखंब्याचा दुकान असाच चालत ऱ्हाव दे, त्येला कुनाची नजर लागू देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज माझ्या शेजारी भिंतीशी. स्वरूपदादाचा. लहानपणापासूनची सवय, तोंड आपोआप उघडतं. उघडं तोंड मिटायच्या आत त्याला कळलं आपण काय बोललो. पण तोवर देवाने ऐकलेलं होतं.

मला हसू फुटत होतं. आणि त्या भरातच पुढचं आलं.

"आनि या आमच्या सोहमनं कितीक दिस त्या दुकानाच्या पायऱ्या झिजवल्या, तर त्येची मेहनत फळाला लाव, ज्या पोरीनं भुई केली तिलाच या भुईवर लक्ष्मीच्या पावलानं आन रे म्हाराजा!"

"व्हय..." मी म्हणून गेले होते. सगळ्यांबरोबर, खड्या आवाजात, हात जोडून. "म्हाराजा" मात्र तोंडातच राहिलं.

समोर सोहम उभा होता. कानापर्यंत लाल, आणि तो गुलाल नव्हता. माझी नजर सवयीने खाली गेली, त्याच्या पायांकडे. भेगा बुजलेल्या टाचा. आणि मग सगळं एकदम माझ्या अंगावर आलं: मलम, शिडी, घावणे, तांदळाची भाकरी, मुरत पडलेल्या फळ्या, उतरलेलं तोंड. अख्ख्या वाडीला माहीत होतं. भिवाभाऊंना माहीत होतं. म्हापशाच्या ड्रायव्हरला सुद्धा माहीत असेल. लोकांचे पाय वाचणारी मी, आणि माझ्याच उंबऱ्यात रोज कोण चप्पल काढतंय ते मला वाचता आलं नाही.

मला राग आला, लाज वाटली, आणि इतका आनंद झाला की मी पळून घरी आले.

१९ मार्च

दादा दोन दिवस घुटमळतोय. आज आत्यांकडे जाऊन म्हणाला, "ते व्हय म्हाराजा मी सवयीने म्हटलं हो."

आत्या म्हणाल्या, "देवासमोर सवयीनं बोलतंस? मंग देवानं पन सवयीनंच ऐकला. आता फिरव बगू शब्द."

दादाने चायनीजवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. मग मला म्हणाला, "जमीन वाजते मात्र छान." दादाकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

जमीन आता सुकली. आम्ही मऊ कुंच्याने शेण झाडलं, वर पुन्हा तेलाचा हात दिला. सगळं निघालं नाही. फणसाच्या रेषारेषांत एक हिरवट सोनेरी छटा उतरून बसली आहे, कुठल्याच कॅटलॉगात नसलेली. सोहमची चुलतबहीण ऋतिका मुंबईहून आली आहे. ती म्हणाली, "आमच्या गावच्या घराला अशीच हवी. शेड कुठली ही?" मी तोंड उघडायच्या आत आत्या पुढे झाल्या. "ती मी लावतंय."

म्हणजे आता माझ्याकडे दुसरं काम आहे, आणि एक भागीदारही.

सोहम अंगणात थांबला होता. खूप वेळ पायाने माती उकरत राहिला आणि मग म्हणाला, "गाऱ्हाण्याचं मनावर घेऊ नका. आत्याने परस्पर केलं. तुम्ही सवयीने बोललात, मला माहीत आहे. तुम्हाला काय आवडेल ते तुम्ही सांगा."

मी म्हटलं, "दुकानाचा नियम माहीत आहे ना? गर्दीत आणि गुलालात पसंत करायचं नसतं. सँपल घरी न्यायचं. सकाळच्या उजेडात बघायचं, दुपारच्या, संध्याकाळच्या. मग ठरवायचं."

तो "बरं" म्हणून गेला. त्याला समजलं की नाही कोण जाणे. मी जास्त शहाणपणा केला का? दिवसभर हीच हुरहुर.

२० मार्च

कोंबडा आरवत असताना आईने मला हलवून उठवलं. म्हणाली, दारात बघ कोण आहे.

सोहम. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट, ओल्या केसांचा भांग. चप्पल उंबऱ्याबाहेर नीट जोडीने ठेवलेली. पूर्वेचं ऊन त्याच्या तोंडावर पडलेलं आणि तो डोळे मिटू नयेत म्हणून धडपडत होता.

"हा सकाळचा उजेड," म्हणाला. "दुपारी परत येतो."

आईने त्याला चहा विचारला. मी भाकरीचं पीठ मळायला घेतलं, हातावरच्या. दुपारपर्यंत काय करायचं?